गोहन्याची दरड

दरड कोसळते ती क्षणांत. पण तिचें खरें संकट कित्येकदां मागाहून चालत येतें. गढवालांतील गोहन्याची हकीकत अशीच आहे.

सप्टेंबर 1893 मध्यें पावसानें भिजलेला एक प्रचंड कडा बिरही गंगेच्या अरुंद दरींत कोसळला. तेथील खडकांचे थर नदीकडे उतरते, आणि त्यांच्या पायथ्याचा आधार पाण्यानें हळूहळू पोखरलेला. शिळांचा सुमारें 900 फूट उंचीचा बांध पडला, नदी अडली व मागें सरोवर तुंबूं लागलें.

तें भरून वाहणार केव्हां? इंजिनियरांनीं मोजमाप करून पुढील ऑगस्टचा मध्य सांगितला. गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तार टाकली. पूर कोठवर चढेल हें दाखविणारे खांब उभारले. झुलते पूल आधींच सोडवून ठेवले. बांधाचा वरचा भाग फुटला तो 25 ऑगस्ट 1894 च्या रात्रीं. अंदाज दहा दिवसांनीं चुकला खरा, पण त्याला चूक म्हणण्यास मन धजत नाहीं!

अलकनंदेच्या कांठचें श्रीनगर (काश्मीरचें नव्हे, गढवालचें) वाहून गेलें. माणसें मात्र उंचावर सुखरूप होतीं. बळी गेले ते पांच : एक फकीर व त्याचें कुटुंब. त्यांना तेथून हलविलें होतें. तीं गुपचूप परत आलीं.

बांधाच्या उरलेल्या भागामागें लहानसें सरोवर राहिलें. तें फुटलें जुलै 1970 मध्यें, आणि अलकनंदेला पुन्हां महापूर आला.