गणवेशाविना राष्ट्ररक्षण
(रिसोड येथील व्याख्यान)

मुलगा सैन्यात जावा असे वाटणारी घरे रिसोड परिसरातही आहेत. तो संरक्षणनीतीचा अभ्यासक व्हावा, असे कोणाच्या मनात येते काय? १९६२ च्या चिनी आक्रमणाने केवळ शस्त्रांची नव्हे, विचारांचीही उणीव उघडी पाडली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले. तिला आकार देणारे के. सुब्रह्मण्यम रसायनशास्त्र शिकलेले सनदी अधिकारी होते. कारगिल आढावा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पद्मभूषण मात्र नाकारले! पुणे विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. कला शाखेच्या पदवीधरालाही तेथे प्रवेश मिळतो, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. चीनचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने मात्र चिनी भाषा आधी शिकावी.