लहान माकूल आणि माकुलाचं पिल्लू

उत्तनच्या महिला बचत गटातर्फे आम्ही बोलतोय. आजचा विषय आपल्या पाटीतलाच आहे – माकूल.

पाठीत काचेसारखी पातळ काडी असते ते लांबट, नळीसारखं माकूल आज बाजूला ठेवू. ज्याच्या पाठीत पांढरं, हलकं हाड निघतं, ज्याला औषधाच्या दुकानात समुद्रफेस म्हणतात, त्या माकुलाबद्दल बोलू. त्याच्याही बऱ्याच जाती आहेत. त्यांतल्या दोन आपण नीट ओळखायला हव्यात.

पहिली मोठी जात. शास्त्रात तिचं नाव सेपिया फॅराओनिस. वाढलेल्या माकुलाच्या पाठीवर वाघासारखे आडवे पट्टे दिसतात. अंगाची लांबी 42 सेंटिमीटर आणि वजन 5 किलोपर्यंत जाऊ शकतं. बर्फात गोठवून परदेशी जाणाऱ्या मालात हिला मागणी असते.

दुसरी लहान जात, सेपिएला इनर्मिस. ही पूर्ण वाढली तरी साधारण 12 सेंटिमीटरच भरते. इनर्मिस म्हणजे बिनशस्त्र. तिच्या हाडाला शेपटीकडे काटा नसतो, मोठ्या जातीच्या हाडाला तो असतो. शिवाय हिला उलटं करून पाहा. शेपटीच्या टोकाला, दोन्ही परांच्या मधे एक बारीक भोक दिसेल. त्यातून तांबूस, घाण वासाचा रस येतो. म्हणून साफ करताना आधी ते टोक कापून टाकायचं, मग शाईची पिशवी न फोडता काढायची आणि भरपूर पाण्यात धुवायचं.

आता कुणी म्हणेल, दोन्ही शिजवून खायची, तर फरक कशाला? फरक इथे आहे. बोटभर लांबीचं सेपिएला वयात आलेलं असतं, मादी असेल तर पोटात अंडीही सापडतात. तेवढंच मोठ्या जातीचं माकूल मात्र अजून पिल्लू असतं. वीतभर होईपर्यंत ते अंड्यावर येत नाही. पाटीत दोघं शेजारी पडली की आपण दोघांनाही ‘बारीक माकूल’ म्हणतो आणि एकाच भावाने देऊन टाकतो. जे पुढे किलोभर झालं असतं ते मूठभर असतानाच संपतं. माकुलाचं आयुष्य मुळात एक-दोन वर्षांचं. अंडी घालून झाली की ते सहसा मरतं. त्यामुळे अंडी घालण्याआधीच धरलं, तर त्याच्या मागे काहीच उरत नाही.

1 जून ते 31 जुलै बंदी असते, पण उरलेले दहा महिने आपल्याच हातात आहेत. जाळं कुठे टाकायचं ते नाखवा ठरवतो हे खरं, पण माल निवडायला बसतो आपणच. निवडताना हाड दाबून काटा बघा, भोक बघा, दोन ढीग वेगळे करा. पिल्लांचा ढीग मोठा निघाला तर घरच्या नाखव्याला दाखवा आणि कुठल्या ठिकाणी, कुठल्या आठवड्यात आली ते विचारून ठेवा. पुढच्या वर्षी त्या वेळी ती जागा टाळता येईल.

आणि होडीवरच्यांना एक निरोप द्या. दोरीला किंवा जाळ्याला द्राक्षांसारखे घोस चिकटलेले दिसले, तर ती अंडी असू शकतात. किनाऱ्यावर आणून खरवडली तर सुकून जातात. पाण्यातच सोडून द्या.

बारीक दिसतं ते सगळंच कोवळं नसतं, एवढं ओळखलं तरी पुष्कळ.