वेडा ठरलेला राजा

कुमारवयीन वाचकांसाठीं हल्लीं इंग्रजींत एका विशेष तऱ्हेच्या कादंबऱ्या निघत असतात. काळ शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा, स्थळ वेड्यांचें इस्पितळ, आणि नायिका सोळा-सतरा वर्षांची. उंच भिंती, रात्रीं किल्ल्यांचा जुडगा वाजवीत फिरणारी परिचारिका, खोलींतून एकाएकीं नाहींसा झालेला रोगी. आणि शेवटच्या प्रकरणांत असें उघडकीस येतें कीं, कोणा काकानें अगर डॉक्टरनें मिळकतीच्या लोभानें एका शहाण्या माणसास वेडें ठरविलें होतें. या गोष्टींचें कूळ जुनें आहे. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी १८५९-६० सालीं प्रसिद्ध झाली, तिचा गाभा हाच. पुढें १८८७ त नेली ब्लाय नांवाच्या तरुण बातमीदार बाईनें वेडाचें सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळांत दहा दिवस काढले व आंतील हाल जगापुढें मांडले. आमच्याकडे रंगभूमीवर वेडा माणूस आला तो बहुतकरून हंसविण्यासाठीं.

आमच्या घरांतील मुलें हीं पुस्तकें दिवा मालविला तरी सोडीत नाहींत. त्यांतील एकीनें परवां मला विचारलें, “आपल्याकडे असें कधीं घडलें नाहीं का?” कोल्हापुरांत राहणाऱ्या माणसास या प्रश्नाचें उत्तर शोधावयास लांब जावें लागत नाहीं. नवा राजवाडा पाहिला नाहीं असा कोल्हापूरकर विरळा. मेजर मँट या इंग्रज स्थापत्यकारानें त्याचा आराखडा केला आणि १८७७ त काम सुरू झालें. आपण बांधीत असलेल्या इमारतींचीं गणितें चुकलीं आहेत व त्या कोसळणार, या भीतीनें मँटला वेड लागलें, असें सांगतात. १८८१ त तो वारला. ज्या तरुण राजाच्या कारकीर्दींत हा वाडा उभा राहत होता, त्यालाही त्याच सुमारास वेडा म्हणण्यास आरंभ झाला होता.

या राजाचें नांव चौथे शिवाजी. त्यांच्या आधींचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासांत १८७० च्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स येथें अवघ्या विसाव्या वर्षीं वारले. राजारामांनीं प्रवासांत लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ त लंडनमध्यें छापली गेली, म्हणून तो राजा आपल्याशीं स्वतःच्या तोंडानें बोलतो. कोणास भेटलों, काय पाहिलें, हें तो ‘मी’ म्हणून सांगतो. १८७१ त त्यांच्या गादीवर आठ वर्षांचें बालक दत्तक आलें. त्या मुलाविषयीं आपण जें वाचतों तें सारें तृतीय पुरुषीं आहे. कारभाऱ्यांनीं लिहिलें, गोऱ्या अधिकाऱ्यांनीं लिहिलें, वर्तमानपत्रकारांनीं लिहिलें. ज्याच्याविषयीं हें लिहिणें चाललें होतें, तो मात्र त्यांत कोठें बोलत नाहीं.

महाराजांची बुद्धि भ्रमली आहे असें राज्यकर्ते म्हणूं लागले. उलट, त्यांना छळून वेडें केलें जात आहे, अशी कुजबूज कोल्हापुरांत व पुण्यांत सुरू झाली. संशयाचें बोट होतें कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्याकडे. १८८१ च्या जानेवारींत निघालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं तें उघडपणें दाखविलें. त्यांच्या हातीं कांहीं पत्रें आलीं होतीं. तीं बर्व्यांचीं म्हणून दाखविण्यांत आलीं, आणि त्यांवरून कट सिद्ध होतो असें वाटत होतें. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टांत तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक-आगरकरांनीं माफी मागितली तरी १७ जुलै १८८२ रोजीं दोघांस चार चार महिन्यांची साधी कैद झाली.

गोष्ट सांगणारे येथें नेहमीं घाई करतात, म्हणून मी थोडा थांबतों. हे दोन पंचवीस-सव्वीस वर्षांचे पदवीधर भोळे नव्हते, टिळक तर कायदा शिकलेले होते. तरीही तीं पत्रें त्यांना खरीं वाटलीं, कारण गोष्टींत जो दुष्ट काका हवा असतो तो त्या पत्रांनीं आयता पुरविला. लोकांनाही तेंच हवें होतें. महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे दहा हजार रुपयांस जामीन राहिले. इकडे राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं खटल्याच्या मदतीस नाटक केलें, आणि त्यांत सोळा वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं स्त्रीपार्ट केला. एवढा लोकांचा कळवळा खोटा कसा म्हणावा? तो खोटा नव्हताच. पण खटला चालला तो बर्व्यांच्या अब्रूचा. राजा वेडा होता कीं नव्हता, हा प्रश्न त्या धामधुमींत बाजूलाच राहिला; आणि पत्रें खोटीं ठरतांच विरुद्ध पक्षास असें म्हणावयास सोपें झालें कीं, मग छळाची गोष्टही खोटी. एक बनावट कागद खऱ्या शंकेलाही कसा मारून टाकतो, हें यापेक्षां स्पष्ट कोठें दिसेल?

आगरकरांनीं डोंगरीच्या तुरुंगांतील एकशें एक दिवसांवर पुस्तक लिहिलें, तें अनेकांच्या वाचनांत असेल. त्याच तुरुंगवासांत त्यांनीं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें भाषांतर हातीं घेतलें, तेंच पुढें ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. ज्याच्या वेडाचें खरेंखोटें ठरत नाहीं असा राजपुत्र तेथें आहे, आणि त्याच्यावर पाळत ठेवणारे लोकही आहेत. आगरकरांनीं तें नाटक जाणून निवडलें कीं सहज, हें मी सांगूं शकत नाहीं; पण त्या कोठडींत तीं पानें लिहितांना कोल्हापूर त्यांच्या मनांत आलें नसेल, हें मानणें मला कठीण जातें.

आतां इस्पितळाविषयीं. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्यानें ब्रिटिश मुलुखांतील वेड्यांच्या इस्पितळांस कांहीं नियम घालून दिले होते. माणसास आंत घालावयाचें तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम व डॉक्टरचा दाखला लागे; इस्पितळ पाहण्यास बाहेरचे निरीक्षक नेमलेले असत. हे नियम कितपत पाळले जात हा प्रश्न निराळा. पण रस्त्यांत सांपडलेल्या निराधार वेड्यासही निदान कागदावर एक कायदा होता. राजाचा प्रश्न राजकारणाचा, म्हणून त्याचा निकाल सरकारच्या मर्जीवर. त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत नव्हे, अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. ज्या किल्ल्यांत पुढें पंडित नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलें तोच हा किल्ला. मराठी बोलणारा जिवलग माणूस अहोरात्र जवळ असावा ही वेडाच्या उपचारांतील पहिली गरज. येथें देखरेखीस ग्रीन नांवाचा गोरा शिपाई होता. २५ डिसेंबर १८८३ रोजीं, म्हणजे नाताळच्या दिवशीं, या ग्रीनशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. त्यांचें वय वीस वर्षें.

वाचकाचें मन लगेच विचारतें: खून कीं अपघात? आणि खुनी कोण, ग्रीन कीं त्याच्या मागें आणखी कोणी? या प्रश्नाचें उत्तर मी देणार नाहीं. बर्व्यांच्या खटल्यानंतर तें देण्याचें धाडस करूं नये, असें मला वाटतें. परंतु समजा, त्या दिवशीं झटापट झालीच नसती, तर काय? तो मुलगा त्याच भिंतींत पंचवीस वर्षांचा, चाळीस वर्षांचा झाला असता, आणि मग त्याच्यावर कोणी एक ओळही लिहिली नसती. यांत कोणी खुनी नाहीं, म्हणून यांत अन्याय नाहीं असें होत नाहीं.

माझ्या घरांतील त्या मुलीला मी सांगितलें कीं, ही गोष्ट मराठींत कोणी लिहिली तर ती ग्रीनची नसावी, बर्व्यांचीही नसावी. ती महाराजांच्या राणी आनंदीबाई यांच्या तोंडीं असावी. पति नगरच्या किल्ल्यांत. त्याच्याविषयीं येणारी प्रत्येक बातमी दुसऱ्याच्या तोंडून. आणि शेवटीं डिसेंबरांत एक निरोप. त्यानंतर तीन महिनेही पुरे झाले नाहींत, तोंच, १७ मार्च १८८४ रोजीं, कागलकर घाटग्यांचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्या मांडीवर दत्तक देण्यांत आला. तेच पुढें शाहू छत्रपति झाले. त्याच वर्षीं नव्या राजवाड्याचें काम पुरें झालें.