कल्याणहून नाणेघाट, नाणेघाटाहून लेण्याद्री
(मंडळाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाची सहल नाणेघाटाला न्यायची असे कार्यकारिणीने ठरविल्यावर दोन आक्षेप आले. पहिला ज्येष्ठांचा. घाटमाथ्यावर उभे राहून कोकण पाहायचे ही करमणूक झाली, त्यासाठी मंडळाचा पैसा का खर्च करावा? दुसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो अधिक तिखट आहे. नाणेघाटातला लेख सातवाहन राणी नागनिकेचा. त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. ती पाहायला बौद्धांच्या मुलांनी घाट का चढावा? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना टाळून सहलीची आखणी सांगणे बरे दिसणार नाही.

ज्येष्ठांना मी १९३४ सालच्या एका सहलीची आठवण देतो. चळवळीतील काही सहकाऱ्यांनी स्थलदर्शनाला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेब त्यांच्याबरोबर निघाले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्या मंडळींनी ठरविले होते. सुमारे तीस माणसे होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि हौद बाटविला म्हणून त्यांच्यावर गर्दी चालून आली. पुढे किल्ला पाहायला मिळाला तो बरोबर शिपाई घेऊन, आणि पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. आपली माणसे स्थळे पाहायला निघाली की त्याला निव्वळ करमणूक म्हणता येत नाही, ते यामुळे.

आता तरुणांच्या आक्षेपाकडे वळतो. लेख यज्ञांचा आहे हे खरेच. हजारो गायी, हत्ती, घोडे, कार्षापण अशा दक्षिणा त्यात मोजल्या आहेत. साधारणपणे तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. मोजदाद असल्यामुळे त्यात अंक भरपूर आले. १८७६ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांवर निबंध प्रसिद्ध केला. शून्य त्यात नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. गणिताच्या विद्यार्थ्याला एवढ्यासाठीच तेथे नेले तरी चालेल. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. ते आज नाहीत, वर कोरलेली त्यांची नावे तेवढी राहिली आहेत. आपल्याला सोयीचे तेवढेच वाचायचे, ही सवय आपण दुसऱ्यांच्या अंगी पाहून नावे ठेवतो. मग आपण ती का लावून घ्यावी?

पण माझे मुख्य म्हणणे याच्या पुढचे आहे. राणीने लेख घाटातच का कोरविला? कारण त्या वाटेवरून जग चालत होते. खाली कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरे, वर जुन्नर, पुढे पैठण. बैलांचे तांडे, व्यापारी, कारागीर, भिक्खू या खिंडीतून जात. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीसाठी होता असे सांगतात. घाट चढून आलेले हे लोक पुढे जुन्नरला काय करीत, ते जुन्नरभोवतीच्या दोनशेहून अधिक लेण्यांत कोरले आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे टाके. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. परदेशी माणसाने टाके खोदवून दिले आणि कोणाचे पाणी म्हणून ते कोणाला वर्ज्य झाले नाही. दौलताबादच्या हौदाची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी ही दोन टाकी लक्षात ठेवावीत.

आणि आपल्या गावाचाही एक माणूस तेथे आहे. लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले असा लेख आहे. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा, सोनार म्हणा हवे तर. कल्याणहून जुन्नरला जाण्याची जवळची वाट नाणेघाटाची. तेव्हा तो याच पायऱ्या चढला असावा असे मानायला काही हरकत नाही. म्हणून एकटा नाणेघाट न करता सहल दोन दिवसांची करावी आणि त्याच वाटेने लेण्याद्रीला जावे, असे मी सुचविले व ते मान्य झाले.

आखणी अशी. बस पहाटे कल्याणहून निघून मुरबाड, टोकावडे करीत वैशाखऱ्याला येईल. चालणारे तेथे उतरतील. उरलेली बस ज्येष्ठांना व लहान मुलांना घेऊन माळशेज चढून जुन्नरमार्गे घाटघरकडून माथ्यावर येईल. दोन्ही तुकड्या वर एकत्र भेटतील. चढ अडीच-तीन तासांचा आहे. आधी रान, मग फरसबंदीचे तुकडे व दगडी पायऱ्या. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, मधला कोणी मागच्याच्या मागे राहणार नाही. माथ्यावरून नानाचा अंगठा, शेजारी जीवधन, खाली मुरबाडकडचा मुलूख, लांबवर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. हवा स्वच्छ असली तर तास कसा जातो कळत नाही. मात्र कडा सरळ तुटलेला आहे आणि वारा जोराचा असतो. फोटोसाठी काठाशी जाणाऱ्याला पुढच्या सहलीत घेतले जाणार नाही, हे अध्यक्षांनी मला मुद्दाम सांगायला सांगितले आहे. पावसाळ्यात उलटा उडणारा धबधबा पाहायला गर्दी लोटते. आपण डिसेंबरात जाऊ. पावसात दगड निसरडे असतात, धुक्यात समोरचे दिसत नाही, आणि लेख वाचायला उजेडही लागतो.

प्रत्येकाने तीन लिटर पाणी घरून घ्यावे. वरच्या टाक्यांत हातपाय धुवायचे नाहीत, डबे विसळायचे नाहीत. लेखाला हात, खडू, पाणी काही लावायचे नाही. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून खडू फिरविणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा नावे कोरणारे बरे असे म्हणवत नाही, पण नुकसान दोघेही करतात.

मुक्काम जुन्नरला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. सातव्या क्रमांकाचे लेणे मूळचे वीस खोल्यांचे विहार. आज तेथे अष्टविनायकांपैकी एक गणपती आहे. मुले तेथे तावातावाने बोलू लागतील, म्हणून आधीच सांगतो. दर्शनाला आलेली माणसे शेतकरी-कष्टकरी असतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. कोणी विचारले तर विहार कसे असे, भिक्खू कोठे झोपत, हे खोल्या दाखवून शांतपणे सांगावे. न विचारता सांगू नये.

वर्गणीविषयी. ज्या घरांना ती जड जाईल त्यांनी चिटणीसांना बाजूला घेऊन सांगावे. नावाची वाच्यता होणार नाही. बुटांवाचून कोणाचे येणे अडू नये म्हणून त्यासाठी रक्कम वेगळी ठेवली आहे.

शेवटचे काम विद्यार्थ्यांचे. निघेपर्यंतच्या चार रविवारी संध्याकाळी विहारात ब्राह्मीचा वर्ग होईल. सगळी मुळाक्षरे आली नाहीत तरी ‘दे-य-ध-म’ ही चार अक्षरे यायला हवीत. देयधम म्हणजे दिलेले दान, आणि सुलसदत्ताच्या लेखात हा शब्द आहे. ‘ध’ धनुष्यासारखा, ‘म’ म्हणजे वर्तुळावर दोन शिंगे. लेण्याद्रीला कोणी बोट दाखवून देणार नाही. तो शब्द ज्याचा त्याने शोधायचा आहे. पहिला वर्ग येत्या रविवारी सहा वाजता, वही-पेन्सिल आणावी.