मादीची तयारी



पश्चिम आफ्रिकेत, घाना, टोगो, बेनिन या देशांच्या माळरानांत एक लहानखुरा अजगर राहतो. भय वाटले की तो अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. त्याची मादी विणीला योग्य झाली हे ओळखावे कसे?

पाळणारे साधारणतः ३ वर्षांचे वय आणि १,५०० ग्रॅम वजन पाहतात. परंतु एकट्या तराजूवर विसंबू नये. उंदीर चारून चारून फुगवलेली कोवळी मादीही तराजूला फसवते. वय झालेले असावे, पाठ भरीव असावी, कणा वर आलेला नसावा.

एवढी चिकित्सा कशासाठी? मादी बहुधा ४ ते १० अंडी घालते, त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे ६० दिवस बसते आणि तेवढे दिवस सहसा काही खात नाही. अंड्यांचा आणि उपवासाचा, दोन्ही खर्च अंगच्या चरबीतूनच भागायचा. गाठीला शिल्लक नसेल तर ती खंगते. पुढची वीणही हुकते.

म्हणून शंका असेल तर एक वर्ष थांबावे. हंगाम हुकला तर आपले फारसे बिघडत नाही. घाईचा भुर्दंड मात्र तिला भरावा लागतो.