नोकरी टिकवायची, तर कागद सांभाळा

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कवी होते, विभागप्रमुख होते. फेब्रुवारी 2010 मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबतच्या त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रण केलं. विद्यापीठानं निलंबित कुणाला केलं? सिरसांना. शिकवण्यात काही कसूर झाली म्हणून ही कारवाई नव्हती, ती होती त्यांच्या घरातल्या वागण्यावर. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले. 'अलीगढ' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

आज समलिंगी स्त्रीपुरुषांना, दोन्हींकडे आकर्षण असणाऱ्यांना किंवा पारलिंगी व्यक्तींना, म्हणजे ज्यांना आपण एकत्रितपणे एलजीबीटी म्हणतो त्यांना, कामाच्या ठिकाणी असा त्रास झाला तर कायदा पाठीशी उभा राहतो का? उभा राहतो, पण सगळ्यांच्या मागे सारखाच नाही. तुम्ही कोण आहात आणि तुमचा मालक कोण आहे, या दोन गोष्टींवर बरंच काही ठरतं.

आधी सरकारी नोकरी पाहू. मंत्रालय, जिल्हा परिषद, महापालिका, सरकारी कंपनी, सरकारी विद्यापीठ हे सगळं यात आलं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल त्याच हक्कात येतो, असंही म्हटलं. 6 सप्टेंबर 2018 रोजी 377 कलमाचा निकाल आला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. याचा नोकरीत काय उपयोग? उत्तर प्रदेशात एका होमगार्डला त्याच्या समलिंगी संबंधांवरून काढून टाकलं होतं. 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2018 च्याच निकालाचा आधार घेऊन ती बडतर्फी रद्द केली आणि त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर असं गाऱ्हाणं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये, नेता येतं.

दुसरा गट पारलिंगी व्यक्तींचा. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तो 2019 चा, आणि जानेवारी 2020 पासून लागू आहे. भरती, बढती किंवा नोकरीतल्या कुठल्याही बाबतीत भेदभाव करायला तो मनाई करतो. आणि हे बंधन सरकारपुरतं नाही. खासगी कंपनी, सहकारी संस्था, ट्रस्ट, सगळे त्यात येतात. म्हणजे तुमच्या गावातली पतसंस्था आणि शिक्षण संस्थासुद्धा. प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा आहे. 2020 च्या नियमांनुसार त्यानं पंधरा दिवसांत चौकशी करायची आणि अहवाल आल्यापासून पंधरा दिवसांत संस्थाप्रमुखानं कारवाई करायची. 

हे कागदावरच राहतं, असं कुणी म्हणेल. पुष्कळ ठिकाणी राहतंही. पण भांडणाऱ्यांनी ते कागदावरून खाली उतरवलं आहे. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात पारलिंगी उमेदवारांसाठी रकानाच नव्हता. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला खडसावलं, तेव्हा तो आला. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेची नोकरी गमावलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेला नुकसानभरपाई मंजूर केली.

तिसरा गट म्हणजे खासगी नोकरीतले समलिंगी कर्मचारी. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. लैंगिक कलावरून भेदभाव करू नका, असं खासगी मालकाला थेट बजावणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. संविधानातली 15 आणि 16 ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. तरी हात अगदीच रिकामे नसतात. कंपनीच्या धोरणात लैंगिक कलाचा उल्लेख आहे का, ते पाहा. असेल तर त्यावर बोट ठेवूनच तक्रार करा. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असाल, तर बेकायदा बडतर्फीविरुद्ध कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते. स्त्री असाल आणि त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आहेच. अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पुरुषांना मात्र या कायद्याखाली तक्रार करता येत नाही, ही उणीव आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं? 

पहिली गोष्ट, दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नका. 'गाजावाजा नको, तूच सोडून जा', असं गोड बोलून सांगितलं जातं. पण राजीनामा दिलात की मालक म्हणतो, आम्ही काढलंच नाही, हेच गेले. मग दबाव होता हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. विचार करायला वेळ हवा, असं लेखी कळवा आणि वकिलाला भेटा.

दुसरी गोष्ट, कागद जपा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, कामाचे चांगले शेरे, मेल, व्हॉट्सॲपवरचे टोमणे. आज काय घडलं, कोण हजर होतं, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. भेदभावाचं कारण कुणी आदेशात लिहीत नाही. तिथे 'काम असमाधानकारक' असंच लिहितात. काल-परवापर्यंतचे चांगले शेरे हातात असतील, तर तो बहाणा उघडा पडतो. तक्रार द्याल ती लेखी द्या आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट, आपली ओळख सांगायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. ती सांगायला वरिष्ठ भाग पाडू शकत नाहीत. आणि 'सगळ्यांना सांगेन' असं धमकावून कुणी पैसे मागत असेल, तर ती खंडणी आहे. एकदाही पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, पोलिसांत जा.

आणि जे श्रोते स्वतः मालक आहेत, मुख्याध्यापक आहेत, संस्थेचे सचिव आहेत, त्यांच्यासाठी. तक्रार अधिकारी नेमलाय का, त्याचं नाव कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे का, हे उद्याच बघा. पारलिंगी कर्मचाऱ्याची माहिती गोपनीय ठेवणं, तिला किंवा त्याला वापरता येईल असं स्वच्छतागृह देणं, ही मेहेरबानी नव्हे. नियमांनी तुमच्यावर टाकलेली ती जबाबदारी आहे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे नागरिक यांना तिथे मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर क्रमांक आहे 15100. पुन्हा सांगतो, 15100. राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला गेला, तर सही करण्याआधी हा क्रमांक फिरवा.