मात्रा औषधाची, मोजमाप पाण्याचे

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



कोलकात्यातील आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या हट्टापायी रविवारी सकाळी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारातून रंगीत मासे घरी आणले असतील. मीही आणले. काही दिवसांतच त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मी औषध आणले, बाटलीवरील सूचना वाचली आणि सिरिंजने काटेकोर मोजून ते टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही मासे पाण्यावर तरंगत होते. रोगाने नेले, अशी मी मुलीची समजूत घातली. माझ्या मनाची मात्र घालू शकलो नाही.

औषध मी मोजले होते. पाणी मोजले नव्हते! टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणून मी तिला ५६ लिटरची समजलो. परंतु तळाशी दोन इंच खडी होती आणि वरचे दोन इंच रिकामे होते. उरलेल्या आठ इंचांत ३८ लिटरच पाणी. खडीच्या फटींतले धरले तरी फार तर ४१. म्हणजे मात्रा सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक झाली होती.

यावर उपाय सोपा आहे. खडी व दगड मांडून झाल्यावर मापाच्या भांड्याने टाकी भरावी आणि तो आकडा काचेवर चिकटवून ठेवावा. चमचा लहानमोठा असतो, थेंबही ड्रॉपरगणिक बदलतो. म्हणून बिनसुईची सिरिंज वापरावी. औषध भुकटीचे असल्यास १ ग्रॅम भुकटी विरघळवून एकूण द्रावण १ लिटर करावे. मग त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध येते आणि अल्प मात्राही नेमकी मोजता येते. गाळणीतील कोळसा आधी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. मधेच पाव टाकी पाणी बदलले, तर त्या पावाचेच औषध पुन्हा घालावे. भीतीपोटी मात्रा कमीही करू नये. त्याने रोग हटत नाही.

मित्रहो, औषध कडू लागले तर माणूस ते थुंकून टाकतो. मासा मात्र त्या औषधातच श्वास घेत असतो. मुक्या जिवाची जबाबदारी स्वीकारली, की मायेच्या जोडीला मोजपट्टीही हाती घेतली पाहिजे.